भर उन्हातल्या लग्नाचे आऊटडोअर फोटो : खान्देशच्या उन्हासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) महिनाभरावर आली की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात, एक लग्न ठरलेल्या पोरापोरींचे आणि दुसरे नवीन कॅमेरा घेतलेल्या भावांचे, आणि दोघांचं दुखणं एकच, ऊन. मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी करतो, मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असताना नवरा-नवरीला बाहेर उभं करतो, त्यामुळे जे अंगावर घेऊन शिकलो तेच लिहितोय. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांत आला तर परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय, तिथे जाऊन बघा.

१. दादा, लग्न मे महिन्यात आहे, आऊटडोअर किती वाजता करायचं?

सकाळी ६ ते पावणेआठ, नाहीतर संध्याकाळी सव्वापाचनंतर सूर्य बुडेपर्यंत. सूर्य मेच्या शेवटी सातच्या आसपास बुडतो म्हणजे हातात पावणेदोन तास असतात, पुरतात.

कारण समजून घ्या म्हणजे वेळ पाठ करायची गरज नाही. जळगाव, धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत, त्यामुळे २५ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. आणि हे बाराला होत नाही, १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास होतं, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण तिथून बरेच पश्चिमेला. उजेड असा वरून पडला की कपाळ, नाकाचा शेंडा आणि गाल चमकतात आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाची सावली थेट ओठावर.

माझी खूण सोपी आहे, जमिनीवर स्वतःची सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल तर कोणालाही उघड्या उन्हात उभं करायचं नाही. मेमध्ये सावली उंचीइतकी व्हायला साधारण पावणेचार वाजतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांवरच असतो, म्हणजे डिसेंबरातली साडेबाराची सावली आणि मेमधली पावणेचारची सावली सारखीच. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा मिळत असतील तर फोटोसाठी त्या घ्या असं मी प्रत्येक पार्टीला सांगतो, ऐकतं कोणी नाही कारण पोरांना सुट्ट्या मेमध्ये असतात, ते पण खरंच आहे.

२. मुहूर्तच दुपारी साडेबाराचा आहे, पंगत उठेस्तोवर दोन वाजतात, संध्याकाळी लगेच पाठवणी. मग काय करायचं?

मग सावली शोधायची, पण कुठलीही नाही. डोक्यावर छप्पर आणि समोर मोकळं आकाश अशी जागा पाहिजे. मंगल कार्यालयाचा पोर्च, वाड्याची ओसरी, धाब्याच्या घराचा दरवाजा, गोठ्याच्या पत्र्याच्या शेडची कड, आंब्याचं मोठं झाड. नवरा-नवरीला सावलीच्या रेषेपासून एक-दीड पाऊल आत उभं करायचं आणि तोंड बाहेर, उजेडाकडे. फार आत नेलं तर चेहरा मेल्यासारखा दिसतो आणि अगदी रेषेवर ठेवलं तर पदराच्या टोकावर ऊन पडून तेवढा पट्टा जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो.

जागा बरोबर आहे का ते कॅमेरा न काढता कळतं. आपला हात चेहऱ्याच्या उंचीवर धरा, मूठ वळा आणि जागेवर गोल फिरा. ज्या दिशेला मुठीवरच्या सावल्या मऊ होऊन हात गोल, भरलेला दिसतो तिकडे नवरीचं तोंड. दहा सेकंदांचं काम आहे, मी आजही प्रत्येक लग्नात करतो. खरं सांगू, चांगल्या फोटोचं बरंचसं काम इथेच होऊन जातं, पुढची सेटिंगं त्याच्या मागे येतात.

भिंतीच्या सावलीचा भरवसा मात्र मेच्या दुपारी धरू नका, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भिंतीला सावलीच नसते. डिसेंबरात त्याच भिंतीच्या उत्तरेला भिंतीच्या उंचीइतकी सावली पडते.

३. निंबाच्या झाडाखाली उभं केलं तर तोंडावर ऊन-सावलीचे ठिपके पडतात, ते कसे काढायचे?

काढता येत नाहीत, टाळायचे. पानांच्या फटीतून येणारं ऊन आणि सावली यात तीन-चार स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), गालावर रुपयाएवढा ठिपका जळाला की तो परत येत नाही. आधी पायाखाली बघा, जमिनीवर ठिपके असतील तर तोंडावर पण असणारच. जमीन जिथे सलग काळी दिसते तिथे उभं करा. निंबापेक्षा आंबा, वड बरे, सावली घट्ट असते. अगदीच जागा नसेल तर डोक्याच्या वरून, फ्रेमच्या बाहेर, दोन पोरांना पांढरी चादर नाहीतर पंचा ताणून धरायला लावा. पांढरं पातळ कापड उन्हाला मऊ करतं आणि ठिपके जातात. हे मी करवल्यांच्या भावांकडून भरपूर वेळा करून घेतलंय, पोरं खुशीने धरतात.

४. डायरेक्ट सेटिंग सांगा ना, नंबर.

नवीन लोकांसाठी आधी एवढंच, एफ म्हणजे लेन्सचं छिद्र (आकडा लहान तितकं मोठं), शटर म्हणजे उजेड आत यायला दिलेला वेळ सेकंदात, आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते. कडक उन्हासाठी जुना फिल्मच्या काळातला हिशोब अजून चालतो : एफ १६ ला शटर म्हणजे आयएसओचा आकडा. आयएसओ १०० असेल तर एफ १६ आणि १/१००. तोच उजेड एफ ८ ला १/४०० होतो, एफ ४ ला १/१६००, एफ २.८ ला १/३२००. हा आकडा उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा.

प्रश्न २ मध्ये सांगितली तशी उघडी सावली असेल तर साधारण तीन स्टॉप कमी उजेड, म्हणजे आयएसओ १००, एफ २.८, १/४०० च्या जवळपास सुरुवात करा आणि एक फोटो काढून बघा. मी दोघांच्या फोटोला एफ २.८ ते ४ ठेवतो, कारण दोघं जरा पुढे-मागे उभे राहिले की एफ १.८ ला एकाचे डोळे जातात. शटर १/२०० च्या खाली आणत नाही, वाऱ्याने पदर हलतो, मुंडावळ्या हलतात.

एकाच जागी उजेड बदलत नसेल तर मॅन्युअल लावून टाका, दर फोटोला कॅमेऱ्याने नवीन डोकं लावायची गरज नाही.

५. अपर्चर मोडवर (छिद्र आपण ठरवतो, शटर कॅमेरा) टाकलं तर चेहरा काळा येतो आणि मागचं आकाश मस्त येतं, असं का?

कॅमेऱ्याला नवरी कुठे आणि आकाश कुठे हे नीट कळत नाही. त्याच्या हिशोबात सगळी फ्रेम मिळून एक मध्यम करडा रंग झाला पाहिजे. फ्रेममध्ये उजळ आकाश जास्त असलं की तो घाबरून सगळंच गडद करतो, त्यात चेहरा मरतो. उलटं पण होतं. चांगदेवच्या मंदिराच्या किंवा लळिंगच्या किल्ल्याच्या काळ्या दगडापुढे उभं केलं की कॅमेरा तो दगड करडा करायला जातो आणि चेहरा भाजून पांढरा करतो.

म्हणून पांढरा फेटा, पांढरं धोतर, आकाश असं काही फ्रेम भरून असेल तर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या एक्सपोजरमध्ये आपण केलेली वाढ-घट) प्लस १ च्या आसपास, आणि काळा दगड, गर्द झाडी असेल तर मायनस २/३ ते १. किंवा सरळ स्पॉट मीटरवर (फ्रेमच्या छोट्याशा भागाचाच उजेड मोजणारा मोड) टाकून चेहऱ्यावरून रीडिंग घ्या आणि मॅन्युअलला लॉक करा. चेहरा हातात नसेल तर आपलाच तळहात त्याच उजेडात धरून मोजा आणि एक स्टॉप वाढवा, तळहाताचा रंग माणसागणिक फार बदलत नाही म्हणून हे चालतं. सावळ्या रंगाच्या बाबतीत मोजताना काय सांभाळायचं ते प्रश्न १२ मध्ये.

६. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बरोबर दिसतं आणि घरी कॉम्प्युटरवर टाकलं की सगळं गडद, नाहीतर सगळं पांढरं. कॅमेऱ्यात फॉल्ट आहे का?

फॉल्ट नाही, उन्हात स्क्रीन फसवते. भर उन्हात स्क्रीन मंद दिसते म्हणून आपण एक्सपोजर वाढवत जातो आणि फोटो जळतात. काही जण स्क्रीनचाच ब्राइटनेस फुल करतात, मग फोटो खऱ्यापेक्षा उजळ वाटतो आणि घरी गडद निघतो. हिस्टोग्राम चालू करा (फोटोत डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख), उजव्या भिंतीला ढीग लागलेला नसला पाहिजे, आणि जळालेला भाग लुकलुकतो ते ऑप्शन पण चालू करा. मी गळ्यातला पंचा डोक्यावरून घेऊन त्याच्या अंधारात स्क्रीन बघतो, जुने लोक मोठ्या कॅमेऱ्यावर काळं कापड घ्यायचे तसं.

७. चेहरा नीट केला की आकाश पांढरंफटक, दोन्ही पाहिजे.

मेमध्ये दुपारचं आपलं आकाश डोळ्यालाच पांढरट दिसतं, धूळ असते हवेत. जे निळं नाहीच ते वाचवून उपयोग काय? फ्रेममधून आकाश कमी करा, जरा उंचावर उभे राहून खाली बघत काढा, मागे झाडी, भिंत, दरवाजा घ्या. चेहरा आणि आकाश यात ओढाताण झाली तर मी दर वेळी चेहरा धरतो. अल्बम उघडून आकाश कोणी बघत नाही, आजी बघते ती नात कशी दिसत होती ते.

पावसाळी ढग आलेत, किंवा संध्याकाळी तोरणमाळला यशवंत तलावावर खरंच रंग पसरलेत, तर मात्र आकाशाला धरून सेटिंग करा आणि चेहऱ्याला फ्लॅशने उजेड द्या, प्रश्न १० बघा.

८. सूर्य तोंडासमोर ठेवायचा की पाठीमागे?

आपले वडीलधारे अजून सांगतात, सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी पाहिजे. तो सल्ला फिल्मच्या आणि साध्या कॅमेऱ्याच्या काळात ठीक होता. आता पाठीमागे घ्या, म्हणजे नवरा-नवरीच्या पाठीमागे, जरा एका बाजूला. डोळे बारीक होत नाहीत, दोघांचे चेहरे एकसारख्या मऊ उजेडात येतात आणि पदराच्या कडेला, केसांना सोनेरी रेघ मिळते. चेहऱ्यावरून रीडिंग घ्या, मागचं थोडं जळालं तर जळू द्या.

दोन अडचणी येतात. सूर्य लेन्समध्ये शिरला की फोटो दुधाळ होतो, तर लेन्सचं हूड लावा, तरी होत असेल तर सोबतच्याला लेन्सवर हाताने सावली धरायला सांगा, किंवा दोन पावलं सरकून सूर्य झाडाच्या खोडामागे लपवा. दुसरी अडचण वेळेची, सूर्य खाली उतरलेला असला तरच तो पाठीमागे येतो. दुपारी एकला तो डोक्यावर असतो, तेव्हा हा प्रकार जमत नाही, प्रश्न २ कडे जा.

९. थर्माकोल चांगला की सिल्व्हर रिफ्लेक्टर?

मी थर्माकोलवाला आहे. सिल्व्हरचा उजेड जोरात आणि कडक असतो, मेच्या उन्हात तो नवरीच्या डोळ्यात मारला तर ती डोळे उघडूच शकत नाही, आणि आजोबा-आजीवर तर कधीच मारू नका, त्रास होतो त्यांना. पांढऱ्या थर्माकोलचा उजेड मऊ, मोठा, आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, तुटला तरी मन दुखत नाही. गोल्डन मी दिवसा वापरतच नाही, हळद लागलेल्या अंगावर अजून पिवळं होतं.

धरायचा कसा हे महत्त्वाचं. पोरं खाली जमिनीजवळ धरून वर तोंडावर मारतात, भुताच्या गोष्टी सांगताना बॅटरी धरतो तसं दिसतं. छातीच्या उंचीवर, जरा बाजूने, हळूहळू जवळ आणत डोळ्यात चमक आली की थांबा. वारा असेल तर दोघांनी धरा.

१०. दिवसाढवळ्या फ्लॅश कशाला? आणि लावला की फोटो पांढरा का होतो?

सूर्य मागे असताना समोरचा अंधार भरायला. पांढरा होतो कारण फ्लॅश लावला की शटर सिंक स्पीडच्या (साध्या फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर) वर जात नाही, बहुतेक कॅमेऱ्यांना १/२०० किंवा १/२५०. उन्हात १/२०० म्हणजे आयएसओ १०० ला एफ ११ लागतो, आणि तुम्ही एफ २.८ वरच बसलेले असता. मग जळणारच.

तीन रस्ते आहेत. एफ ११ ला जा, मागचं सगळं शार्प येईल आणि फ्लॅश जवळजवळ पूर्ण ताकदीवर मारावा लागेल. दुसरा, हाय स्पीड सिंक चालू करा, शटर १/३२०० पण चालेल पण फ्लॅशची ताकद बरीच पडते, त्यामुळे फ्लॅश जवळ आणावा लागतो. तिसरा, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळसर काच) लावून एफ २.८ वरच १/२०० ला या, चार स्टॉपचा लागतो. मी बहुतेक वेळा दुसरा वापरतो, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून ट्रिगरवर (लांबून फ्लॅश उडवणारं यंत्र), सोबतचा माणूस दीड-दोन मीटरवरून तिरका धरतो. ताकद एवढीच की फ्लॅश मारलाय हे कळू नये, उन्हापेक्षा एक-दीड स्टॉप कमी. आणि मेमध्ये फुल पॉवरवर एकामागे एक पन्नास फोटो मारले की फ्लॅश तापून बंद पडतो, तोही भर वरातीत. दुसरा सोबत ठेवा.

११. लाल शालूचं काहीच डिटेल येत नाही, नुसता लाल गोळा दिसतो. हिस्टोग्राम तर बरोबर होता.

कारण तुम्ही पांढरा हिस्टोग्राम बघितला. लाल, केशरी कापडात आधी लाल चॅनल (फोटोतल्या लाल, हिरवा, निळा या तीन थरांपैकी एक) भरून वाहतो आणि बाकीचे दोन शिल्लक असतात, त्यामुळे साध्या हिस्टोग्रामला काही कळत नाही. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजवीकडे चिकटला की अर्धा-पाऊण स्टॉप खाली या. हळदीच्या पिवळ्या साडीलाही हेच.

जरीचं उलट आहे, जरीवर, दागिन्यांवर सूर्याचा ठिपका चमकून पांढरा होणारच, तो जळाला म्हणून सगळा फोटो गडद करू नका. जळगावचं सोनं चमकलंच पाहिजे. पांढऱ्या फेट्याची घडी, शालूचे बुट्टे दिसले पाहिजेत, तेवढं सांभाळा.

१२. नवरी सावळी आहे आणि घरचे म्हणतात फोटोत गोरी दिसली पाहिजे. किती ओव्हर करू?

एक टक्का पण नाही. ह्या प्रश्नावर मी जरा कडक बोलतो, माफ करा. एक्सपोजर वाढवून सावळी पोरगी गोरी होत नाही, तिच्या गालाचा उठाव जातो, नाकाची रेषा जाते, नथ कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही, सपाट पांढुरका मुखवटा राहतो. हात मात्र सावळेच राहतात, मेहंदीसकट. वीस वर्षांनी ती अल्बम उघडेल तेव्हा त्यात ती पाहिजे.

सावळ्या रंगाला मोठा, मऊ, बाजूने येणारा उजेड द्या. ओसरीच्या कडेला तोंड जरा वळवून उभं केलं की कपाळावर, गालाच्या हाडावर, गळ्यावर जी चमक येते ती गोऱ्या रंगाला येत नाही, हे मी मनापासून सांगतोय. स्पॉटने चेहरा मोजताना कॅमेरा सावळा रंग करडा करायला जाईल आणि उजळ करेल, म्हणून वाचलेल्या आकड्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा, मग फोटो बघून ठरवा. नवरदेव गोरा आणि नवरी सावळी (किंवा उलट) असेल तर गोऱ्याला उजेडापासून जरा लांब आणि सावळ्याला जवळ उभं करा, कॅमेऱ्यात काही करायची गरज पडत नाही.

आणि मेकअपवाल्या ताईंना एक विनंती, चेहरा पूर्ण झाला की नवरीला दारात आणून उन्हाच्या उजेडात एकदा बघा. ट्यूबलाइटमध्ये जुळलेला चेहरा आणि गळा बाहेर आल्यावर दोन रंगांचे निघतात, फ्लॅशमध्ये तर अजूनच.

१३. मांडवात काढलेले चेहरे लाल-पिवळे येतात, ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने रंग आपोआप जुळवणं) पण काही करत नाही.

मांडवाचं रंगीत कापड म्हणजे उन्हाच्या तोंडावर लावलेली रंगीत काच. खाली सगळ्यांवर तोच रंग, त्यात बाजूने खरं ऊन आणि वर एलईडी हॅलोजन, तीन रंग एका तोंडावर. एका व्हाइट बॅलन्सने तिन्ही सुटत नाहीत. शक्य असेल तर ठरवतानाच मांडववाल्याला स्टेजच्या वरचा एक पडदा पांढरा लावायला सांगा, खर्च काही वाढत नाही, फरक जमीन-अस्मानाचा. नाहीतर फ्लॅश एवढा मारा की चेहऱ्यावर मुख्य उजेड त्याचाच राहील.

बाहेरच्या फोटोंसाठी ऑटो बंद करून केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) बांधून घ्या. उन्हात ५२०० ते ५५००, उघड्या सावलीत ७००० च्या आसपास, कारण सावलीत निळ्या आकाशाचा उजेड येतो आणि चेहरे निळसर पडतात.

१४. केळीच्या बागेत, कापसात किंवा नदीत काढायचे असतील तर वेगळं काही?

हो, जमीन पण उजेड देते, हे लोक विसरतात.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत आत शिरलात की सगळा उजेड पानांतून गाळून हिरवा येतो, नवरीच्या हनुवटीखाली हिरवट झाक दिसते. आत फार जाऊ नका, बांधाच्या कडेला किंवा दोन ओळींच्या तोंडाशी, पांढरा थर्माकोल लावून. एडिटिंगला टिंट (हिरव्या-जांभळ्याचा तोल) जरा जांभळ्याकडे न्या. आणि कृपा करून शालू केळीच्या खोडाला, पानाच्या देठाला टेकवू नका, केळीचा चीक कापडाला लागला की डाग निघत नाही. ठिबकच्या नळीपाशी चिखल असतो, आधी पायाने बघून घ्या.

काळ्या रानात जमीन उजेड पिऊन टाकते, डोळ्याखालच्या सावल्या जास्त गडद येतात, तिथे रिफ्लेक्टर लागतोच. गिरणा-तापीच्या वाळूत नेमकं उलटं, वाळू खालून एवढा उजेड फेकते की चेहरा आपोआप भरतो, पण डोळे मिटायला लावते. वाळूत सकाळीच जा. आणि कॅमेरा स्वतःहून फोटो गडद करेल हे ध्यानात ठेवा, कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

पाटणादेवीचं जंगल, जुनी मंदिरं, किल्ले इथे वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची परवानगी लागू शकते, आधी विचारून घ्या, नवरा-नवरीला गेटवरून परत आणायची वेळ येऊ देऊ नका.

१५. फेट्याची सावली नवरदेवाच्या डोळ्यांवर येते. मुंडावळ्यांच्या पण रेघा पडतात.

फेटा अर्धा इंच मागे सरकवा आणि हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. बाशिंग मोठं असेल तर सावलीतच न्या. मुंडावळ्यांच्या रेघा उन्हात पडणारच, त्या अंतरपाटाच्या वेळच्या फोटोत शोभतात पण, पोर्ट्रेटला मात्र लड्या कानाच्या बाजूला सारून घ्या. घोड्यावरचा नवरदेव उंच असतो आणि आपण खालून काढतो, मागे सगळं पांढरं आकाश, तिथे प्लस १ विसरू नका.

१६. नवऱ्याचा चष्मा उन्हात काळा होतो. सगळ्या फोटोत गॉगल घातल्यासारखा दिसतोय.

उन्हात रंग बदलणाऱ्या काचा आहेत त्या. सावलीत नेलं तरी लगेच उतरत नाहीत, काही मिनिटं लागतात, आणि उघड्या सावलीत तर पूर्ण साफ होतच नाहीत कारण आकाशाचा उजेड त्यांना पुरतो. त्याच फ्रेमसारखा साध्या काचेचा चष्मा लग्नाआधी करून घ्या, हजार-दीड हजाराचा खर्च आहे पण सगळा अल्बम वाचतो. तेवढी तयारी नसेल तर आऊटडोअरच्या आधी दहा मिनिटं खोलीत बसवा आणि बाहेर आल्या आल्या पहिल्या मिनिटात क्लोजअप उरकून घ्या.

१७. डोळे सगळ्यांचे बारीक येतात.

डोळे मिटायला सांगा, एक-दोन-तीन म्हणा, तीनला उघडले की लगेच क्लिक. दोन-तीनदा करा. आणि उभं करताना त्यांच्या नजरेसमोर काहीतरी गडद ठेवा, पांढऱ्या भिंतीकडे बघायला लावलं तर कोणाचेच डोळे उघडे राहत नाहीत.

१८. चाळीस जणांचा घराणं ग्रुप, दुपारी एक वाजता, एवढी सावली आणायची कुठून?

दुपारी एकला शक्यतो मांडवातच काढा, रंगाचं दुखणं परवडलं (प्रश्न १३). बाहेरच काढायचा असेल तर अर्धे सावलीत, अर्धे उन्हात असं कधीच करू नका, तो फोटो कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. सगळे उन्हात किंवा सगळे सावलीत. सगळे उन्हात असतील तर सूर्य जिकडे किंचित कललाय तिकडे पाठ, दोन फ्लॅश दोन्ही बाजूंनी, एफ ८, आणि खुर्चीवर उभे राहून वरून काढा, सगळ्यांनी तोंड वर केलं की डोळ्यात आकाशाचा उजेड शिरतो आणि खड्डे भरतात. ही वर बघण्याची युक्ती एकट्या माणसाला पण लागू होते.

म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात शेवटी बोलवा आणि सगळ्यात आधी सोडा. खरंच, त्या उन्हात पाच मिनिटं पण जास्त होतात.

१९. व्हिडिओत पण हेच नियम का?

नाही, व्हिडिओत शटर मोकळं नसतं. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवावं लागतं, नाहीतर चालणं झटके मारल्यासारखं दिसतं. त्यामुळे उन्हात एनडीशिवाय गत्यंतर नाही. फिरवायचा एनडी घेतलात तर वाइड लेन्सवर फुल फिरवू नका, आकाशात काळी फुली उमटते.

२०. मोबाईलनेच काढतोय, आम्हाला काय?

चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस-एक्सपोजर लॉक होतं, मग शेजारच्या सूर्याच्या खुणेवरून बोट जरा खाली ओढा. उन्हात मोबाईल नेहमी थोडं जास्त उजळ करतो. लेन्स आधी कापडाने पुसा, खिशातल्या घामाने ती चिकट झालेली असते आणि उन्हात सगळं धुरकट येतं. पोर्ट्रेट मोडला मुंडावळ्यांच्या लड्या आणि फेट्याचा तुरा नीट कळत नाही, कापून टाकतो, म्हणून साध्या मोडला पण एक काढा. जागा कशी निवडायची ते प्रश्न २ सगळ्यांना सारखंच.

२१. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलंय, एडिटिंगला सगळं निघेल ना?

अंधारातलं निघतं, जळालेलं निघत नाही. रॉमध्ये पांढऱ्या बाजूचं साधारण एक-दीड स्टॉप परत येतं, त्यापुढे कोरा कागद. म्हणून शंका असेल तर जरा गडद काढा.

पण उजेडाची दिशा एडिटिंगमध्ये बदलत नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. अमळनेरकडच्या एका लग्नात घाईघाईत दुपारी एकला उघड्या अंगणात नवरीचे सगळे एकटीचे फोटो काढले, एक्सपोजर अगदी बरोबर, हिस्टोग्राम देखणा. दोन रात्री बसून एकेका फोटोत डोळ्याखालचं काळं उजळ करत होतो. अल्बम दिला तेव्हा तिच्या वडिलांनी चार पानं उलटली आणि मला विचारलं, "भाऊ, पोरगी त्या दिवशी आजारी होती का रे?" ती हसत होती सगळ्या फोटोंत. त्या अंगणाला लागून वीस पावलांवर ओसरी होती.

२२. गोरज मुहूर्त आहे, तेव्हा तर उजेड भारीच असेल ना?

भारी असतो पण पळतो. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे अंधार लवकर पडतो, पहिल्या वीस मिनिटांत दर दोन-तीन मिनिटांनी सेटिंग बदलावी लागते, त्यामुळे ह्या एका वेळेला मी मॅन्युअल सोडतो आणि आयएसओ ऑटोवर टाकतो, वरची मर्यादा ६४०० बांधून. शटर १/२००, एफ २.८. मंगलाष्टका चालू असताना दोघांना हलवता येत नाही, म्हणून बोहल्याचं तोंड कुठे आहे ते दुपारीच जाऊन बघा. पश्चिमेकडे असेल तर बुडता उजेड थेट चेहऱ्यावर येतो, देवाचीच कृपा समजा. पूर्वेकडे असेल तर अंधारात चेहरे आणि मागे लाल आकाश, फ्लॅश तयार ठेवा.

२३. ४५ डिग्रीत कॅमेरा बंद पडला तर?

सावलीत ठेवा, बॅटरी-कार्डचं झाकण उघडा, पांढऱ्या, कोरड्या कापडात गुंडाळा, ओल्या नाही. बंद गाडीत, डॅशबोर्डवर बॅग कधीच नको. एसी रूममधून बाहेर काढला तर चेनबंद बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, एसीतून कूलरच्या दमट खोलीत नेताना पण तेच, लेन्सवर बाष्प धरलं की पुसत बसण्यात नवरीची एंट्री निघून जाते. आणि बॅगेत कांदा, गुळाचं पाणी, ओआरएसची पुडी कॅमेऱ्याच्या बॅटरीइतकीच पाहिजे, नवरा-नवरी शालू-शेरवानीत असतात, दर दहा मिनिटांनी त्यांना सावलीत बसवून दोन घोट पाणी पाजा आणि मगच पुढचा फोटो.